बावीस अंशांचं पाणी

विनिता किरपेकरचे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. घरात कुणाचा समुद्राशी काडीचा संबंध नव्हता. तरी गेली एकोणीस वर्षं गोविंदपुऱ्यातल्या एका लहानशा कारखान्यात विनिता समुद्राची यंत्रं तपासत होती. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात तळाशी ठेवायच्या या स्टीलच्या नळ्या. दर तासाला पाण्याचं तापमान कळवायच्या. त्या आकड्यांवरून एका संस्थेतले शास्त्रज्ञ पुढच्या पाच दिवसांचा समुद्राचा अंदाज काढत. विनिताची सही झाल्याशिवाय एकही नळी कारखान्याबाहेर जात नसे.

एका सप्टेंबरात कोकण किनाऱ्यावरून तीन नळ्या परत आल्या. सोबत पत्र होतं: आमच्या अंदाजाप्रमाणे तळाचं पाणी सत्तावीस अंश असायला हवं, ही यंत्रं बावीस आणि त्याच्याही खाली दाखवतात, यंत्रं सदोष आहेत.

मालक गजाननराव घाबरले. "विनिताताई, दोष मान्य करून टाकू. नव्या नळ्या पाठवू. पार्टी मोठी आहे, उगाच वाद नको."

"न तपासता मी दोष लिहिणार नाही," विनिता म्हणाली. "दोन दिवस द्या."

"आणि दोष निघाला तर?"

"तर माझ्या नावानिशी लिहीन."

तिनं तिन्ही नळ्या पाण्याच्या टाकीत सोडल्या. शेजारी कारखान्याचा सर्वांत खात्रीचा तापमापक टांगला. पाणी तीस अंशांपासून हळूहळू सोळापर्यंत उतरवलं, दर अंशाला थांबून, ढवळून, आकडे लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उलट्या क्रमानं.

एक नळी खरंच चुकली होती. तिच्या झाकणाखालची रबरी कडी नीट बसली नव्हती आणि आत ओल शिरली होती. विनिताला ते लागलं. प्रमाणपत्रावर तिचीच सही होती. पण बाकीच्या दोन्ही नळ्या तापमापकाशी तंतोतंत जुळत होत्या.

तिनं संस्थेतल्या गिरीश पाटणकरांना फोन लावला. तेच या अंदाजाचं काम बघत.

"सर, तीनपैकी एक आमची चूक आहे. ती बदलून देतो. पण बाकीच्या दोन बरोबर आहेत. तिथलं पाणी बावीस अंशच होतं."

"मॅडम, पाच अंशांचा फरक? एवढा फरक आमचा कॉम्प्युटर मानतच नाही. तीन अंशांहून जास्त फरक असलेला आकडा तो आपोआप बाजूला टाकतो."

"म्हणजे समुद्रात अचानक काही घडलं, तर नेमकं तेच तो ऐकणार नाही?"

पलीकडे गिरीशनी नळ्यांच्या नोंदींचे कागद चाळायला घेतल्याचा आवाज आला.

"या दोन नळ्या एकमेकींपासून किती लांब होत्या?" विनितानं विचारलं.

"अकरा किलोमीटर."

"दोघी वेगवेगळ्या जागी बसून एकच खोटं कशाला बोलतील, सर?"

गिरीशनी बाजूला टाकलेले जुने आकडे उपसून काढले. आठवड्याभरानं त्यांचाच फोन आला. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड पाणी तळातळानं किनाऱ्याकडे सरकतं, हे त्यांना ठाऊकच होतं. पण ते इतक्या लवकर आणि इतकं आत येतं, हे अंदाजात कधी उतरलंच नव्हतं. चार वर्षांत असे प्रसंग सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा कॉम्प्युटरनं खरे आकडे फेकून दिले होते. आता नियम बदलला: शेजारची दोन यंत्रं एकच सांगत असतील, तर फरक कितीही असो, आकडा ठेवायचा.

पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर संस्थेनं थंड पाणी येणार म्हणून चार दिवस आधी सांगितलं आणि ते आलं. त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, मासळी तळ सोडून निघून जाते. मच्छीमार सोसायट्यांनी त्या आठवड्यात तळाची जाळी टाकलीच नाहीत. होड्या रिकाम्या परतण्याची वेळ टळली.

गिरीशनी हे आधी गजाननरावांना कळवलं. ते धावतच तपासणीच्या खोलीत आले. "ताई, यंदा दहा नळ्या जास्त मागवल्यात! आणि तुमचं नाव घेऊन सांगितलं."

"छान झालं," विनिता हसून म्हणाली. "पण दहाच्या दहा दोनदा टाकीत जाणार. घाई केलीत तर सही मिळायची नाही."

"कोण करतंय घाई?" म्हणत गजाननरावांनी स्वतःच पहिली नळी उचलून तिच्यापुढे ठेवली.