तफीदानं गाळलेली एक्केचाळीस दृश्यं

कैरोतल्या तौफिकिया बाजाराच्या माथ्यावर, चौथ्या मजल्यावर, पिच्चर काढणाऱ्या हाज शहाताच्या कचेरीत तफीदा एकवीस वर्षं टाइपरायटर बडवत होती. खाली फळवाले ओरडायचे, वर ही टकटकायची, आणि मधल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचे पेशंट दोन्हीकडून पिचायचे.

मूळची ती सोहागकडची, वरच्या मुलखातली. कैरोत जन्म गेला तरी गावची बोली तिनं टाकली नव्हती. शहरी माणसं त्या बोलीला फिदीफिदी हसायची. ती म्हणायची, "हसा की. तुमच्या पिच्चरातली रडायची वाक्यं मीच टाइप करती, तवा मला बी असंच हसू येतंय."

पिच्चर कशावर उभा राहतो हे तिला तिच्या नवऱ्यानं शिकवलं, ते सुद्धा आळसापायी. मयत अब्दुत्तव्वाब शुब्रा भागातल्या पडेल थेटरात पिच्चरचं मशीन चालवायचा. घरी लवकर यायची हुक्की आली की मधलं एखादं रीळ लावायचाच नाही. होडीतलं गाणं गाळलं, बागेतलं फिरणं गाळलं, कुणाला पत्ता नसायचा. एक्कावन्न साली मात्र एकदा त्यानं सासूसुनेच्या भांडणाचं रीळ खाल्लं आणि पब्लिकनं सोळा खुर्च्या मोडल्या. "सून घर सोडून गेली कवा?" म्हणत एका भट्टीवाल्यानं त्याचं कपाळ फोडलं. तफीदानं जखमेवर कॉफीची पूड दाबली आणि पहिलं काय विचारलं, तर, "आज कुठलं रीळ?" पुढं तो वारला, पण हा हिशोब तिच्या डोक्यात राहिला: कशावाचून लोकांचं अडतं आणि कशावाचून नाही.

मग एका साली उस्ताज वगीह नावाचा लेखक पॅरिसला शिकून आला. गळ्यात मफलर, जून महिन्यात. त्यानं नूर नावाच्या एका बड्या घरच्या बाईची गोष्ट लिहिली. नवरा तिला फसवतो आणि शेवटी ती त्याला सोडते, एवढीच गोष्ट. दृश्यं मात्र एकशे एक्केचाळीस.

हाज शहाताचं घराणं मांडववाल्यांचं. लग्नाचा असो नाहीतर मयताचा, मांडवाला कापड किती लागतं हे तो गल्ली बघून सांगायचा. स्टुडिओच्या तारखा त्यानं बोटांवर मोजल्या. "उस्ताज, एवढ्या दिवसांत शंभर दृश्यं होतील. शंभरावर एक जरी आलं तर पिच्चर बंद, कचेरीला कुलूप, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं."

कुलूप म्हटल्यावर तफीदाची बोटं थांबली. छप्पन्न वर्षांची बाई, त्यात लेखकांच्या चुका तोंडावर काढणारी. तिला दुसरीकडं कोण उभं करणार?

"माझ्यातलं एक पान काढणं म्हणजे माझं बोट तोडणं," वगीह म्हणाला.

"मग एक्केचाळीस बोटं तोडा," हाज म्हणाला आणि नमाजाला गेला.

वगीह तिथंच येरझाऱ्या घालत राहिला. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून 'सित्त', म्हणजे 'बाई', म्हणत त्यानं तफीदालाच शिकवायला घेतलं. "या मांडववाल्याला काय कळणार, सित्त तफीदा? त्याला वाटतं जागा बदलली की नवं दृश्य. छे. सगळ्यांत लहान तो ठोका. एकानं काही केलं, दुसऱ्यानं त्याला काही उत्तर दिलं, झाला ठोका. असे ठोके पडत पडत कुणाच्यातरी आयुष्यातलं काहीतरी पालटलं की ते दृश्य. अशा दृश्यांची साखळी होते आणि मोठा पालट होतो. आणि मागं फिरायची वाट बंद झाली की अंक संपतो."

तफीदा म्हणाली, "म्हंजे आमच्या चाळीवानी. वरच्या बाईनं चटई झाडली, खालच्या बाईनं शिवी घातली, ह्यो ठोका. बोलाचाली होऊन दोघींनी एकमेकींच्या घरचं मीठ बंद केलं, हे दृश्य. मग नवरे मधी पडले, पोरं मधी पडली, पोलीस आला, ही साखळी. आन खालचीनं सामान गाढवगाडीवर घातलं की अंक."

वगीह दुखावल्यासारखा झाला. "साधारण तसंच. पण ते फार खालच्या पातळीवर झालं."

"खालच्याच मजल्यावर ऱ्हात हुती ती," तफीदा म्हणाली. "आन उस्ताज, ज्या दृश्यात कायबी पालटत न्हाई, त्याला काय म्हनायचं?"

"त्याला वातावरण म्हणतात."

एवढं सांगून वगीह अलेक्झांड्रियाला समुद्र बघायला गेला. जाताना म्हणाला, "स्वच्छ प्रत तयार ठेवा."

तफीदानं स्वच्छ प्रत तयार केली. प्रत्येक दृश्य टाइप करण्याआधी ती वरची ओळ वाचायची, खालची ओळ वाचायची. नूर आत आली तेव्हा कशी होती, बाहेर गेली तेव्हा कशी होती? जशी आली तशीच गेली असेल तर पान उपडं. नूर खिडकीत उभी आहे, उपडं. नूर नाईल बघते, उपडं. नूर पुन्हा नाईल बघते. "नदी हाय ती, पळून चालली न्हाई," म्हणत तेही उपडं. तिसऱ्या दिवशी उपडी पानं मोजली तर चाळीस भरली. एक कमी पडत होतं. तेव्हा नूर बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढते एवढंच लिहिलेलं, सव्वा ओळीचं एक दृश्य तिनं चाळीसांवर ठेवलं आणि आकडे नव्यानं घातले. शंभर.

वगीह परतला, त्यानं प्रत चाळली आणि म्हणाला, "बघितलंत? मी म्हणत होतो ना, हे घट्टच आहे." हाजनं शेवटच्या पानावरचा आकडा बघितला आणि प्रती वाटायला लावल्या. मूळ कागद कुणी मागितलाच नाही.

पण नटमंडळींची एक रीत असते. हातात प्रत पडली की वाचायची नाही. आपण ज्या पानावर आहोत त्याचा कोपरा दुमडायचा आणि मग प्रत मिटून दुमडलेल्या कोपऱ्यांचा फुगवटा बोटांनी दाबून बघायचा. जितका फुगवटा तितकं आपलं पान मोठं. नूरचं काम करणारी मदाम नाजली रुश्दी हिनं लेखकाच्या घरी आधीची प्रत दाबून बघितली होती. तेव्हा चव्वेचाळीस कोपरे होते. आता अठ्ठावीसच.

ती चार जिने चढून आली, काळा चष्मा न काढता. वगीह आणि हाज दोघंही उठून उभे राहिले.

"माझी सोळा दृश्यं कुणी खाल्ली?"

वगीहनं प्रत उघडली आणि पहिल्यांदाच वाचली. त्याचा मफलर सैल झाला. "खिडकी नाही. नाईल नाही. हाज, माझा खून केलाय या बाईनं."

हाज तफीदाकडं वळला. "सित्त तफीदा, हे तुम्ही केलं?"

"मी केलं. उस्ताजांनी सांगितलं तसंच केलं. पालट न्हाई तिथं दृश्य न्हाई. वातावरन तेवढं बाजूला काढलं."

"उठा त्या खुर्चीवरून," हाज म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणूनच ते खरं होतं.

तफीदा उठली. पण खणातून सोळा पानं काढून तिनं टेबलावर ठेवली. "जाते. पर आदी मदामनी ही करून दाखवावी. एकात जरी काय हललं तरी मी पाया पडून जाईन."

नाजलीला कुणी असं आव्हान दिलं नव्हतं. तिनं चष्मा काढला, पान घेतलं आणि कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली. नूर खिडकीत. बराच वेळ. खालून फळवाला ओरडला, "लालेलाल कलिंगड." नूर खिडकीतच. हाजनं जपमाळ काढली. दुसरं पान, नूर नाईल बघते. तिसरं, नूर सिगारेट ओढते आणि विझवते. सातव्या पानाला नाजलीनंच जांभई दिली. "वगीह, हे काय लिहिलंयस रे? मी काय वॉचमन आहे का?"

"त्यात मौन आहे, मदाम."

"मौन आहे, पण मी कुठं आहे?"

पंधरा पानं संपली. मग नाजलीनं सोळावं उचललं, बाल्कनीतल्या कपड्यांचं. इकडंतिकडं बघून तिनं दोन खुर्च्यांच्या पाठींवर नसलेली दोरी बांधली. एकेक कपडा काढून खांद्यावर टाकू लागली. नवऱ्याच्या सदऱ्यापाशी आली आणि हात थांबला. सदरा ओला होता. तरी तिनं तो काढला, कॉलर नाकाशी नेली आणि पुन्हा दोरीवर घातला. चिमटे मात्र लावले नाहीत. चिमटे मुठीत घेऊन ती मागं सरली आणि वारा येईपर्यंत बघत उभी राहिली. मग आत निघून गेली.

हाजची जपमाळ थांबली होती.

तफीदाच्या ध्यानात आलं. ही आत गेली ती आली होती तशी गेली नव्हती. नवऱ्याला सोडायचं तिनं तिथंच ठरवलं, पुढची सगळी भांडणं नुसती कळवाकळवी होती. हे आपण गाळलं, कशासाठी, तर आकडा जुळावा म्हणून. गप्प बसली असती तर कदाचित जिंकली असती. वगीह तर मफलर सावरत म्हणतच होता, "हेही वातावरणच."

"न्हाई," तफीदा म्हणाली. "हे दृश्य हाय. माजी चूक झाली, मदाम. आकडा भरायला मी तुमचं काळीज काढलं. येक्कावन्न सालचं माझ्या नवऱ्याचं रीळ हाय ते." तिनं पिशवी उचलली. "पाया पडते म्हनलं हुतं."

"पाया नंतर पडा," नाजली म्हणाली. "आधी हे त्यात घाला. बाकीची पंधरा त्या नदीत टाका."

"एकशे एक झाली मग," हाज म्हणाला. "मी शंभर म्हटलं होतं आणि मी मांडववाला आहे. एक कुठलंतरी काढा."

तफीदानं जराही वेळ घेतला नाही. "चौऱ्याहत्तर. लग्नात कुनी तरी मेव्हना गातो ते. पालट नावाला न्हाई."

वगीह खोकला. हाजचा चेहरा लाल झाला. त्या मेव्हण्याचं काम करणारा हाजच्याच बायकोचा भाऊ होता, आणि ते दृश्य हाजनंच घालायला लावलं होतं, म्हणूनच तफीदानं आधी त्याला हात लावला नव्हता. नाजली दुसरीकडं बघत ओठ चावत होती.

"घरी बायकोला काय सांगू?" हाज म्हणाला.

"सांगा वातावरन हुतं."

हाजनं प्रत मिटली. मग त्यानं खुर्ची पायानं तिच्याकडं ढकलली आणि म्हणाला, "मेव्हण्याला तुम्ही फोन करायचा. मी नाही."

तफीदा बसली. कागदांत कार्बन घातला, आकडा टाकला, आणि नाजलीला विचारलं, "चिमटं किती हुतं, मदाम? दोन का तीन?"