पाण्यात घालायची चप्पल

आधी माफी मागतो. हा लेख एका चपलेबद्दल आहे, आणि तो लिहिणाऱ्याचं आजवरचं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे वसतिगृहाच्या गळक्या टाकीबद्दलचा अर्ज आहे. (दीड पान. टाकी अजून गळते.) आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं, हे सांगणारं घरात कुणी नाही. त्यामुळे वार्षिकांकाच्या मॅडम "काहीतरी गमतीचं लिहून दे" म्हणाल्या, तेव्हा अशा वेळी नाही म्हणता येतं हेही मला ठाऊक नव्हतं. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

तर सांगायचं एवढंच, की आमच्या आईला पाण्यात चप्पल घालायला लावण्यासाठी मी सात महिने इंजिनिअरिंग केलं.

आमचं गाव दिंद्रुडजवळ, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. गावात नळ आहेत, पण नळाला पाणी येणं ही आमच्याकडे बातमी असते. म्हणून धुणं धरणावर. तिथे काळ्या दगडांच्या नैसर्गिक पायऱ्या पाण्यात उतरतात आणि त्यांवर वर्षभर हिरवंगार शेवाळ असतं. मागच्या पावसाळ्यात ओली गोधडी उचलताना आई त्या शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, काढलं आणि म्हणाले, "हाड जुळलंय बाई. पण याच हातावर परत पडलात, तर कोयता धरणं विसरा."

आई-बाबा दरवर्षी ऊसतोडीला जातात; फक्त तो हंगाम आईचा हातामुळे चुकला. दवाखान्याबाहेर आई म्हणाली, "डॉक्टरला काय, म्हणायला काय लागतंय? न्हाई पडायची म्या." पण तेलगाव येईपर्यंत बसमध्ये ती त्या हाताची मूठ उघडत होती आणि मिटत होती. ते मी पाहिलं. त्याच दिवशी ठरवलं, कॉलेजचा प्रोजेक्ट हाच. पाण्यात न घसरणारी, पायाला न टोचणारी चप्पल.

पहिली पायरी, पायाचं माप.

"आई, ह्या कागदावर पाय ठेव."

"काय ठेव?"

"पाय. भोवतीनं पेन्सिल फिरवतो."

कागदाखाली विंचू असल्यासारखा आईने पाय मागे घेतला. "कागदावर पाय? विद्या हाय ती! तुला शिकवायला आमी कोयता मारायलाव, अन् तू मला कागदावर उभी करतो व्हय रे?"

मी कागद गुंडाळला. मग मी हापशाजवळच्या ओल्या मातीत तिचा पाय उमटवून घेतला, घरात जाऊन प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलं आणि आणून ओतलं. साचा सुंदर निघाला! टाचेच्या मधोमध एक खोल, दुभंगलेली खाच होती. मी थक्क झालो. वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहून पायाने स्वतःची केलेली ही रचना! मी त्या खाचेवर अहवालात दोन पानं लिहिली. आमच्या सरांनी शेजारी "निरीक्षण चांगले" असा शेरा दिला.

साचा घेऊन मी तेलगावच्या फाट्यावर शब्बीरमामूंकडे गेलो. मामू लिंबाखाली बसून टायरच्या चपला करतात. त्यांनी साचा फिरवून फिरवून पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, "बेटा, अम्मीचा पाव हाय ह्यो?"

"हो मामू."

"मंग ह्याच्यात बकरी का खुर कायको है?"

(मी प्लास्टर कालवत असताना शेजारची शेळी हापशावर पाणी प्यायला आली होती. ती दोन पानं आजही अहवालात आहेत. सरांना सांगायचं धाडस होत नाही.)

"साचा फेक," मामू म्हणाले. "जा, अम्मी पाण्यात हुबी ऱ्हाती तवा तिचा पाव बघ."

म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन धुण्याच्या जागी जाऊन बसलो. पाच मिनिटांत आरडाओरडा झाला. शेजारच्या जनाकाकू कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "कुणाचं गं हे पोरगं? बायकांच्या पायाची चित्रं काढायलंय!"

आई लाजेने अर्धी झाली. "माझंच हाय. इंजिनेरिंगला हाय."

"आसं व्हय," जनाकाकू एकदम मऊ झाल्या. "बरं व्हईल हळूहळू."

मी मान खाली घालून बघत राहिलो. आईचे पाय मी जन्मापासून पाहिलेले. पाया पडताना तर अगदी जवळून. पण काम करताना कधी पाहिले नव्हते. ती दगडावर पाय टाकत नव्हती, दगडाला विचारत होती. आधी अंगठा शेवाळावर हळूच फिरायचा. मग चार बोटं एकेक करून पसरायची आणि जागा धरायची. टाच सगळ्यात शेवटी. कपडा आपटताना बोटं आवळायची, पिळताना सैल व्हायची. आणि वर तोंडाने कुणाच्या तरी सुनेबद्दल चाललेलं बोलणं एकदाही थांबायचं नाही! पायाला वेगळं डोकं असावं तसं. आमच्या प्रयोगशाळेत घर्षण मोजायचं यंत्र आहे. ते बंद आहे. इथे ते चालू होतं आणि धुणं धुवत होतं.

एवढं पाहूनही मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या असतात ना, त्या मी एका जुन्या चपलेच्या जोडाला खालून आठ-आठ लावल्या. आईवर प्रयोग नको म्हणून स्वतः घातल्या आणि सगळ्या बायकांसमोर काठावरच्या गुळगुळीत दगडावर उभा राहिलो.

"बघा," मी म्हणालो, "अजिबात घसरत नाही."

आणि पाऊल उचललं.

चप्पल घसरली नाही, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. चप्पल जिथल्या तिथे राहिली. मी गेलो. जाताना हाताला लागली ती जनाकाकूंची गोधडी धरली. गोधडीचं दुसरं टोक जनाकाकूंच्या हातात होतं. जनाकाकूंच्या पायाशी बादली होती. क्षणभराने गुडघाभर पाण्यात आम्ही चौघं होतो, मी, गोधडी, बादली आणि जनाकाकू.

"आरं मुडद्या!" तोंडातलं पाणी टाकत जनाकाकू म्हणाल्या, "चपला करायला निघालास का आमाला बुडवायला? मायनंच फेकला बघ तुला!"

मायने म्हणजे धरणात अडलेल्या आमच्या नदीने. मी ते हसण्यावारी नेलं. तिथेच चुकलो, पण ते नंतर कळलं. दगडाला चिकटलेल्या चपला उपटायला तीन बायका लागल्या. आई हसू दाबत म्हणाली, "चप्पल धरती मातर लई चांगली हं."

मामूंना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की त्यांना राप्पी खाली ठेवावी लागली. (राप्पी म्हणजे चामडं-रबर कापायचं त्यांचं पातं.) मग गंभीर होऊन म्हणाले, "बेटा, चिपकना अलग, पकडना अलग. चप्पलला धराया शिकव. अन् सोडाया बी शिकव."

हे वाक्य आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

मग आम्ही दोघांनी खरी चप्पल केली. तळ ट्रकच्या टायरचा, तासून पातळ केलेला. पुढे पाच बोटांखाली पाच वेगळ्या गाद्या, म्हणजे बोटांना पसरता येईल. मध्ये पाणी बाहेर पडायला तिरप्या खाचा. पट्टे सायकलच्या ट्यूबचे, मऊसूत, मागून टाचेला धरणारे. मामूंनी खाचा नुसत्या नजरेने कापल्या. मी गुपचूप कॉलेजात नेऊन मोजल्या. सगळ्या सारख्या! मी दोनदा मोजल्या, कारण पहिल्यांदा मला वाटलं की उपकरण बिघडलंय.

सरांनी चप्पल हातात घेतली, वाकवली, ओल्या फरशीवर घासून पाहिली. "उत्तम आहे," ते म्हणाले. "वापरणाऱ्याचा अभिप्राय?"

तो आणायला मी गावी गेलो.

आईने चप्पल घातली आणि अंगणात चार पावलं चालली. "लई मऊ हाय रे! पायात काय हाय का न्हाई, कळत बी न्हाई." मला भरून आलं. तिने ती बाजाराला घातली. ती घालून लग्नाला गेली आणि मांडवाच्या दारात चपला काढाव्या लागतील, कुणी नेल्या तर काय, म्हणून आत गेलीच नाही. अक्षता बाहेरूनच टाकल्या!

तिसऱ्या दिवशी धुणं निघालं. मी वही घेऊन मागोमाग. आई ऐटीत काठापर्यंत गेली, थांबली, चपला काढल्या, पदराने पुसल्या, कोरड्या दगडावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि अनवाणी शेवाळावर उतरली.

"आई! कावून काढल्या?"

"मंग? पाण्यात चप्पल घालून जाऊ?"

"पाण्यासाठीच केल्यात त्या!"

"म्हणून तर पाण्यापस्तोर घालून आले की." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "आरं, माय हाय ती. तिचं पाणी पितो आपण. तिच्या अंगावर चप्पल घिऊन हुबं ऱ्हायचं व्हय?"

सात महिन्यांत हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. माझ्या अहवालात घर्षण होतं, आराम होता, टिकाऊपणा होता. (शेळीसुद्धा होती.) माय नव्हती. आणि मी वीस वर्षं त्याच काठावर चपला काढून पाण्यात उतरत आलो होतो!

पण हार मानेन तर मी कसला इंजिनिअर! संध्याकाळी मी डोकं चालवलं. "आई, ही चप्पल समजूच नको. खडावा समज. साधू लोक न्हाऊन वल्या पायात खडावाच घालत्यात ना?"

आईने दारातल्या चपला उचलून उलटसुलट करून पाहिल्या. "व्हय की," ती शेवटी म्हणाली. "खडावाला दोष न्हाई."

जिंकलो! सकाळी उठलो तर चपला दारात नाहीत. त्या देव्हाऱ्यात होत्या. दोन्ही पट्ट्यांवर हळद-कुंकू आणि मधोमध एक झेंडूचं फूल.

"आई, हे काय?"

"खडावा हायत म्हणलास न्हवं? आता ह्या धुण्याच्या घाण पाण्यात कशा नेऊ? पाप लागंल मला."

चपलेला एक वर्ग पुढे ढकलायचा होता. मी तिला थेट पदवी देऊन बसलो होतो. बाबांनी तर देवपूजा झाल्यावर त्यांना हात जोडले. दुपारी आई पुन्हा अनवाणी धरणावर गेली आणि मी बॅग घेऊन अंबाजोगाईला, कॉलेजात परत आलो.

पुढचे दिवस वाईट गेले. पाऊस लागला होता. इकडे वसतिगृहाच्या भिंतीवर शेवाळ दिसलं, की मला तिकडचे दगड दिसायचे. घरून फोन आला, की पहिल्याच रिंगला उचलायचो. अभिप्रायाचं पान कोरंच होतं.

गेल्या आठवड्यात बहिणीचा, मंगलचा, फोन आला.

"दादा, आईचं सांगायचं हाय."

"पडली?"

"ऐक तर."

"कुठल्या हातावर?"

"आरं थांब की! पडली बिडली न्हाई. चप्पल घातली तिनं. पाण्यात."

मी आनंदाने मागच्या खुर्चीवर बसलो. मागे खुर्ची नव्हती.

"दादा? कसला आवाज आला रे?"

"काही नाही. पाण्यात चप्पल घातली? मग मायचं काय?"

"आई अनवाणीच हाय. चप्पल दगडाला घातली."

मला वाटलं, रेंज गेली. मग मंगलने नीट सांगितलं. आई एकटीच देव्हाऱ्यातल्या चपला फडक्यात बांधून मामूंकडे गेली होती. चप्पल उलटी करून म्हणाली, "माझ्या पोराच्या ह्या रेघा मोठ्या टायरावर काढून द्या." मामूंनी ट्रकचं अख्खं टायर उभं चिरलं, उलगडलं आणि त्यावर आमच्या तिरप्या खाचा कापल्या. मग आईने आणि जनाकाकूंनी ते धुण्याच्या दगडावर चढवलं आणि खालून जाड तारेने आवळून बांधलं. आईचं म्हणणं सरळ होतं. चप्पल गावभर घाण तुडवून येती, म्हणून पाण्यात न्यायची न्हाई. दगड कुठं फिरायला जातो?

मी फरशीवरच बसून राहिलो. चौथी शिकलेल्या बाईने माझा सगळा प्रोजेक्ट उलटा करून पायाखाली घातला होता, आणि तो तसाच बरोबर होता.

"अन् हात?" मी विचारलं.

"लई झाक हाय. तार तिनंच पिळली. उजव्या हातानं. दिवाळी झाली की कोयत्याला निघायचं म्हणती." मग मंगलला हसू आलं. "अन् तुला निरोप दिलाय. म्हणती, पोराची चप्पल चांगली हाय, निसतं गिऱ्हाईक चुकलं व्हतं."

तर सध्या मी केलेली चप्पल पाण्यात वापरणारा जगात एकच आहे, आणि तो दगड आहे. मंगल सांगते, पंधरा दिवस झाले, तो एकदाही घसरलेला नाही.