हरभऱ्याएवढा चेहरा

कुमुदकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लांज्याला बँकेत होतो. शेजारच्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "दुपारी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." रत्नागिरीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं... काकू दुपारी कधी झोपायची नाही. माजघरातल्या काचेच्या कौलातून दुपारी ऊन खाली उतरायचं, आणि ती वेळ तिच्या कामाची. आज दीड महिना झाला, तरी दुपार झाली की मला ती तिथेच पाटावर बसलेली वाटते.

माझ्या धाकट्या काकांची ही बायको चैत्रगौरीच्या आराशीसाठी अख्ख्या आळीत प्रसिद्ध होती. इतरांकडे कलिंगडाची कमळं आणि करंज्या. काकूकडे शाडूचं जिवंत गाव, बोटभर माणसांचं. दोन हजार सालाच्या आसपास एका चैत्रात तिने आंजर्ल्याचं माहेरचं परसू केलं, रहाट, दोणी, पोफळी सगळं, आणि विहिरीवर एक बाई उभी केली. ती तिची आई. काकू रांगत असतानाच आई गेलेली, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. आई पाहिलेलं माणूस उरलं होतं एकच: काकूची थोरली बहीण माई. त्या खेडला, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. आई कशी दिसायची ते काकूला एकदा तरी बघायचं होतं. बाहुली एसटीने खेडला न्यायचा प्रयत्न झाला, पण कच्च्या शाडूची मान हातखंब्याच्या अलीकडेच गेली. मग असं ठरलं की फोटो पाठवायचा, माईंनी फोनवर चुका सांगायच्या आणि काकूने माती ओली करून चेहरा सुधारायचा.

माझा आपोआप चालणारा कॅमेरा मी मोठ्या ऐटीत आणला. जवळचं त्याला काही दिसतच नाही, हे मला कुठे ठाऊक! विहिरीमागची भिंत लख्ख आली आणि आईचं तोंड मात्र नुसतं पिठूळ. माईंनी फोनवर विचारलं, "कुमुद, आईने घुंगट कधीपासून घेतला गो?"

त्यानंतर काकू स्वतःच कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. बाहुली पेढ्यांच्या खोक्यात कापसावर निजवून नेली आणि काउंटरवर उभी केली. दुकानदाराने आधी एक भलंमोठं धूड काढलं. ते काकूने दोन्ही हातांनी उचललं आणि परत ठेवलं. हे आराशीत कुठे शिरणार, सगळ्या पोफळी आडव्या करील, म्हणाली. तिला कॅमेरा जमिनीलगत, त्या बाईच्या उंचीवर टेकवायचा होता. लग्नकार्यात हा फार छान पडतो, असं दुकानदार समजावू लागला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडची लग्नं झाली सगळी. मला हिची पापणी दिसायला हवी." मग मुंबईहून मागवून घेतला तो लहानशा चणीचा, लेन्स काढता-घालता येणारा कॅमेरा, आणि त्याला अगदी जवळून टिपणारी वेगळी लेन्स. मी आपला झूम घे, झूम घे म्हणत होतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा झूमचं नाव काढलं नाही.

नवी लेन्स भलती खडूस निघाली. नाक स्पष्ट यावं तर कान विरघळायचे. लेन्सचं भोक लहान करायचं आणि उजेड जास्त वेळ आत येऊ द्यायचा, हे काकू रोळावर रोळ वाया घालवून शिकली. तांदळाच्या पुरचुंडीवर कॅमेरा टेकवायची, पंखा बंद करायची, आणि मला म्हणायची, "श्वास धर मेल्या." हरभऱ्याएवढा तो चेहरा फोटोत तळहाताएवढा व्हायचा, पाकिटातून खेडला जायचा. मग फोन यायचा. कपाळ रुंद कर. हनुवटी आखूड हवी. जिवणी डावीकडे जरा वर... काकू दाभणाच्या टोकाने माती सरकवायची. पावसाळा सरला, दिवाळी झाली. एकदा फोन आला आणि माई एवढंच म्हणाल्या, "हीच."

काकूने तो फोटो कौलाखालच्या उन्हात धरला. "किती लहान आहे रे ही," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा कितीतरी लहान." त्या दिवशी ती मनसोक्त रडली, आणि नंतर मला आग्रहाने दोनदा चहा पाजला. इतकी तृप्त मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

तेराव्यानंतर खेडला गेलो. माई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, तोच फोटो उशाशी. मी म्हणालो, माई, तुमच्यामुळे काकूला आई बघायला मिळाली. माईंनी मान माझ्याकडे वळवली.

"मला तरी कुठे आठवत होती रे आई? पाच वर्षांची होते मी. विहिरीवर वाकलेली दिसते, तोंड नाही दिसत. पण कुमुद एवढ्या आशेने विचारायची... नाही म्हणवेना. आई गेल्यावर ती माझ्याच कडेवर वाढली. तेवढं एक तोंड मला ठाऊक होतं, तेच सांगत गेले."

मी फोटो उचलून दाराशी उजेडात नेला. रुंद कपाळ, आखूड हनुवटी, डावीकडे किंचित वर गेलेली जिवणी. विहिरीवर काकू उभी होती, विशीतली. आम्ही कुणीच कसं ओळखलं नाही! मी आत आलो आणि फोटो पुन्हा उशाशी ठेवला, माईंना पडल्यापडल्या दिसेल असा.