लाइलची नळी काढली कुणी?

नीडल्स या वाळवंटातल्या गावी जुलैच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा गावात रोवेना स्ट्रिकलंडनं उभा जन्म शाळेची बस चालवली आणि भर वाळवंटात बस बंद पडून पोरांना कधी खाली उतरवायची वेळ येऊ दिली नाही. त्यामुळे ‘गाडी हिला झेपत नाही’ हे शब्द तिनं चारचौघांत, तेही बर्ल हॅस्केटच्या तोंडून ऐकले, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं असं, की गावातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबची मिरवणूक होती. रोवेना तिच्या नवऱ्याची, लाइलची लाल गाडी घेऊन निघाली होती. गाडी सदुसष्ट सालची, दोन दरवाजांची, बॉनेटखाली आठ सिलिंडरचं धूड. लाइल वसंतात गेला. त्याच्यामागं गाडी पहिल्यांदाच एवढी लांब बाहेर पडत होती. शेजारी नणंद जिनीव्हा नवी टोपी घालून बसली होती. मिरवणूक मुंगीच्या पावलानं सरकत होती, ऊन डोक्यावर, आणि रेल्वेच्या फाटकात, अगदी रुळांवर, गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

रोवेनानं किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण पेटेना. तेवढ्यात फाटकाची घंटा वाजायला लागली.

“रोवेना, अगं काहीतरी कर!”

“करतेय! तू आधी खाली उतर!”

जिनीव्हा उतरली, पण पळाली नाही. मागं जाऊन ढकलायला लागली. मागच्या गाड्यांमधली माणसं धावली. रोवेना दारातून एक पाय खाली टेकवून स्टिअरिंग ओढत होती. गाडी कशीबशी रुळांपलीकडे गेली आणि पाठोपाठ मालगाडी भोंगा वाजवत, जमीन हलवत धडधडत निघून गेली. जिनीव्हा तिथंच रस्त्याच्या कडेला मातीत बसली.

क्लबचा अध्यक्ष बर्ल पुढून परत आला तो हसतच. माणसं घाबरली की त्यांना हसवायची त्याची रीत होती.

“पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे चिमटे लाव की, रोवेना! नळी गार राहते म्हणून माझी आजी लावायची. नाहीतर विकून टाक, ही गाडी बाईला झेपायची नाही.”

दोघंचौघं हसले. रोवेनानं बॉनेट उघडलं, जिनीव्हाच्या थर्मासमधला बर्फाचा चहा पंपावर आणि नळीवर ओतला. चर्र आवाज झाला, वाफ उठली. हे काय आहे ते ती ओळखून होती. नळी तापली की आतलं पेट्रोल उकळतं, नळीत नुसती वाफ भरते. पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. पेट्रोल भरल्या टाकीतच राहतं आणि इंजिन उपाशी मरतं.

पण नळी तापावीच का? ती वाकून बघायला लागली आणि बघतच राहिली. चकचकीत नवी नळी एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपला जवळजवळ चिकटून वर गेली होती. ही लाइलची नळी नव्हती.

लाइलनं हा त्रास फार पूर्वी निपटला होता. “गाडी बनवणारे थंडीत कुडकुडत होते,” तो म्हणायचा, “आणि चालवायची मला या भट्टीत. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल, ते तर अजूनच लवकर उकळतं.” त्यानं नळी एक्झॉस्टपासून लांब वळवली होती, तिच्यावर उष्णता अडवणारं वेष्टण चढवलं होतं, कार्बोरेटरच्या बुडाशी धग अडवणारी जाड चकती घातली होती. शिवाय पंपाकडून जास्तीचं पेट्रोल परत टाकीत नेणारी दुसरी नळी घातली होती, म्हणजे ते एका जागी तापत बसणार नाही. यातलं आता काहीएक शिल्लक नव्हतं.

“बर्ल,” ती बॉनेटखालूनच म्हणाली, “लाइलची नळी काढली कुणी?”

बर्लचं हसू मावळलं. लाइल अंथरुणाला खिळला होता तेव्हा ‘जरा चमकवून आणतो’ म्हणून गाडी त्यानंच नेली होती. क्लबच्या स्पर्धेत गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी लागते. बदल दिसला की गुण गेले. त्यानं सगळं मूळपदावर आणलं, गाडीनं कप जिंकला, आणि तो कप त्यानं लाइलच्या उशाशी नेऊन ठेवला होता.

“सांगायचं राहून गेलं,” बर्ल म्हणाला.

“राहून गेलं? तुझ्या विसरण्यापायी आज आम्ही दोघी रुळांवर राहिलो असतो!”

पुढच्या आठवड्यांत दोघी नणंद-भावजय सकाळी ऊन चढायच्या आत शेडमध्ये खपल्या. रोवेना गाडीखाली पाठीवर, जिनीव्हा टॉर्च धरून. नळी वाकवताना एक दुमडली, फेकली, दुसरी आणली. रबराची जुनी जोडनळी हातात घेतली तर तिला भेगा पडलेल्या, बोटानं दाबताच पेट्रोल पाझरलं.

“हे एक्झॉस्टवर टपकलं असतं तर?” जिनीव्हानं विचारलं.

“तर आगगाडीची वाट बघावी लागली नसती,” रोवेना म्हणाली आणि पाना आपटला.

मग ती क्लबच्या सभेला गेली. तिची मागणी साधी होती: जीव वाचवण्यासाठी केलेल्या बदलाचे गुण कापू नका. बराच कल्ला झाला. आज नळी, उद्या म्हणाल अख्खं इंजिनच नवं घालू, असंही कुणी बोललं. शेवटी बर्ल उभा राहिला.

“रोवेना, कप हातात घेतल्यावर लाइलचा चेहरा तू बघितलास ना? मी ते त्याच्यासाठी केलं गं.”

रोवेनानं पिशवीतून लाइलचा कप बाहेर काढला.

“बघितला,” ती म्हणाली. “म्हणून तर जास्त राग येतो. ज्याच्या हातची कारागिरी तू उपटून फेकलीस, त्यालाच कप दिलास. त्याला वाटलं, त्याच्या कामाचं कौतुक झालं. मरणाऱ्या माणसाला फसवून हसवलंस तू, बर्ल. आणि वर मला गाडी झेपत नाही म्हणतोस!”

मतं पडली, जुना नियम थोडक्या मतांनी टिकला. रोवेनानं कप टेबलावर ठेवला, सभासदत्वाचं कार्ड त्यात टाकलं आणि ती बाहेर पडली.

काही दिवसांनी क्लबमधलाच ऑर्व्हिल पीक आपली हिरवी गाडी घेऊन तिच्या अंगणात आला. टोपी हातात, आवाज खाली.

“माझीपण नळी वळवून देशील? फक्त बर्लला सांगू नकोस.”

“सांगणार. बाजारात उभी राहून सांगणार. चालत असेल तर बॉनेट उघड.”

ऑर्व्हिलनं डोकं खाजवलं आणि बॉनेट उघडलं. त्याच्यामागून आणखी काहीजण आले. रोवेनानं कुणाला हाकललं नाही, पण कुणाला बोलणी खाल्ल्याशिवाय सोडलंही नाही.

क्लबनं नियम मात्र बदलला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी मिरवणूकच पहाटे गारव्यात ठेवली. जिनीव्हानं ती बातमी आणली, तेव्हा रोवेना अंडी तळत होती.

“बघ! गाडी सुधारणार नाहीत. सूर्याला सांगणार, बाबा, जरा उशिरा ये!”

“जाऊ दे आता, रोवेना. किती रागावशील?”

“का जाऊ दे?” रोवेना म्हणाली आणि अंडं इतक्या जोरात उलटलं, की ते तव्याबाहेर पडलं.