उभेकाकांची खुर्ची

दुसरी घंटा झाली आहे. पडदा अजून खाली आहे. पडद्याच्या पुढे खुर्च्यांच्या फळ्या खाडखाड पडताहेत, कुणी खोकून घेतंय, कुणी पलीकडच्या रांगेतल्या ओळखीच्या माणसाला हात करतंय. पडद्याच्या मागे दिवाणखाना मांडून ठेवलाय: एक टेबल, दोन कोच, कागदाच्या फुलांची फुलदाणी. आणि डाव्या विंगेत, प्रेक्षकांना कधीही दिसणार नाही अशा चार हात जागेत, एक उंच किडकिडीत माणूस दोर धरून उभा आहे. डोक्यावर कप्पी, पायाशी वाळूची पिशवी, पाठीला भिंत. तिसरी घंटा होते. तो हाताखाली हात देत दोर ओढू लागतो, आणि दिवाणखान्यात उजेड पसरतो.

सगळं जग त्या दिवाणखान्याकडे बघतं. आपण आज विंगेकडे बघू.

हे उभेकाका. आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त त्यांच्या ओळखपत्रावर उरलं होतं. नाटक दोन अंकी असो की चार अंकी, काका पहिल्या घंटेपासून शेवटच्या टाळीपर्यंत उभे. विंगेत त्यांच्यासाठी एक स्टूल होतं, त्यावर चहाचा कप बसायचा, काका नाही. कंपनीत नव्याने आलेल्या एका नटीला ते त्यांचं आडनावच वाटलं आणि तिनं आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. व सौ. उभे' असं झोकात लिहून पाठवलं. काकांची बायको पत्रिका हातात घेऊन म्हणाली, "दुसऱ्यांदा नाव बदललं माझं. तेही नवरा न बदलता."

नाटक कंपनी म्हणजे गोष्टींचं पीक. उभ्या माणसामागेही एक गोष्ट उभी राहिलीच. कंपनीच्या जुन्या मालकांची मुलगी आता कंपनी चालवायची, तिला सगळे ताई म्हणत. ताई नव्या लोकांना पहिल्याच दिवशी विंगेत नेऊन हळू आवाजात सांगायची, की आमचे काका रंगभूमीपुढे बसत नाहीत. बावीस वर्षं झाली, एकदाही नाही. नवी मंडळी मग काकांना वाकून नमस्कार करायची. काकांचे कान लाल व्हायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

खरं एवढंच होतं, की काकांना बसता येत नव्हतं.

बसलं की दोन्ही हाडांच्या मधोमध, जिथलं नाव चारचौघांत घेत नाहीत तिथे, कुणीतरी लिंबू ठेवल्यासारखं वाटायचं. थोड्या वेळानं त्या लिंबाचा निखारा व्हायचा. ओटीपोटात ओढ लागायची, आग व्हायची, आणि अंकाआधी दोनदा जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटायचं. नव्या गावच्या थिएटरात शिरलं की बाकीचे आधी रंगमंच बघायचे, काका आधी संडास बघायचे आणि विंगेपासून तिथवरची पावलं मोजून ठेवायचे. बसमध्ये जागा मिळाली की ती लगेच दुसऱ्याला द्यायचे. त्यामुळे सभ्य माणूस म्हणूनही त्यांची ख्याती झाली. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, असं ते दुखणं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं जुनी माणसं म्हणतात. काकांचा जावई डॉक्टर नव्हता, पण औषधांच्या दुकानात होता, म्हणजे फरक फारसा नाही. काका आपल्या गोळ्या आणायला तीन स्टॉप लांब जायचे.

हे सुरू कधी झालं, ते काकांना नेमकं ठाऊक होतं. ताईचे वडील, कंपनीचे मालक, तेव्हा नट म्हणून ऐन भरात होते. नाटकाच्या शेवटी म्हातारा बाप हातात पत्र घेऊन उभा राहतो, खूप वेळ काही बोलत नाही, आणि मग म्हणतो, 'दिवा राहू दे.' त्यावर पडदा. एके दिवशी मालक त्या शांततेत नेहमीपेक्षा जास्त थांबले. प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालं. विंगेत काकांना वाटलं, वाक्य होऊन गेलं, आपल्यालाच ऐकू आलं नाही. त्यांनी पडदा उतरवायला घेतला. पडदा आला आणि 'दिवा राहू दे' हे पडद्याच्या मागे राहिलं. टाळ्या पडल्या, पण अर्धवट, गोंधळलेल्या. काका मालकांपुढे गेले. मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, आज माझंच थांबणं लांबलं. रागावले असते, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मोकळं झालं असतं.

त्या प्रयोगापासून नट थांबला की काकांचा श्वास थांबायचा. दात आवळले जायचे, पोट आत जायचं, आणि पोटाच्या खालचं सगळं मुठीसारखं वळायचं. नाटकात थांबण्याच्या जागा किती असतात, हे प्रेक्षकाला सांगून कळणार नाही. वर्षभरातच ते लिंबू आलं.

मग सुरू झाल्या डॉक्टरांच्या वाऱ्या. लघवी तपासली, रक्त तपासलं, पोटावर थंडगार चिकट काहीतरी लावून सोनोग्राफीच्या पडद्यावर बघितलं. सगळं स्वच्छ. तरी जंतू मारायच्या गोळ्या दिल्या, एकदा, दोनदा, पाच वेळा. काही दिवस बरं वाटायचं, नंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एक डॉक्टर हसून म्हणाले, हे मनाचे खेळ आहेत. काका घरी येऊन बायकोला म्हणाले, मी नाटकात काम करतो हे खरं, पण हे नाटक नाही गं.  बायकोनं शेकायला बादलीत ऊन पाणी काढलं, मोठा टब आणला, आणि दार ओढून घेऊन बाहेर स्वतः उभी राहिली. त्या घरात वीस वर्षं काकांना कुणी बसा म्हणालं नाही. ती स्वतःही त्यांच्याबरोबर ओट्याशी उभी राहून जेवायची. जेवताना एकट्यानं उभं राहणं फार वाईट दिसतं, एवढंच तिचं म्हणणं.

अखेर एक डॉक्टर असे भेटले, की त्यांनी कागद मिटले आणि सरळ सांगितलं: माझ्याकडचं सगळं करून झालं, तुमच्या अवयवांत दोष नाही, दुखणं मात्र खरं आहे. वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई बसतात, त्यांच्याकडे जा. हे असं म्हणणारा माणूस मिळायला नशीब लागतं, असं काका पुढे कायम म्हणत.

बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. काका चोरासारखे जाऊन भिंतीशी उभे राहिले. बाईंनी बसा म्हटलं नाही, स्वतःच उठून उभ्या राहिल्या, आणि काकांचा अर्धा धीर तिथेच परत आला. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही आत सगळं धरून ठेवलंय. सोडा."

"मी काही धरलेलंच नाही, मॅडम."

हे ते प्रामाणिकपणे बोलले. वीस वर्षं वळलेली मूठ हाताला मूठ वाटतच नाही. बाईंनी मग दुसरीच चौकशी केली: काम काय करता? पडदा ओढतो म्हटल्यावर त्यांचं कुतूहल जागं झालं. खोलीच्या कोपऱ्यात, खांदे धरलेल्या लोकांच्या व्यायामासाठी, छताला एक कप्पी आणि दोर टांगलेला होता. त्या म्हणाल्या, पडदा खाली कसा आणता ते दाखवा बघू.

काकांनी दोर हातात घेतला आणि त्यांचा आवाजच बदलला. पडदा आणणं म्हणजे दोर सोडणं नव्हे, ते सांगू लागले. हात सोडला की पडदा कोसळतो, दणका बसतो, धूळ उडते, पुढच्या रांगेतली बाई शिंकते. पडदा उतरवायचा असतो. वजन हातात जाणवत राहिलं पाहिजे, आणि तरी ते वीत वीत खाली गेलं पाहिजे. एक हात देतो, दुसरा घेतो. मध्येच अडकला तर हिसका द्यायचा नाही. थांबायचं, पुन्हा द्यायचं.

बाईंचं पेन कागदावर थांबलं होतं. त्या म्हणाल्या, "हेच आत करा. श्वास आत घ्याल तेव्हा उतरवा. टाकू नका, उतरवा."

काकांनी डोळे मिटले. दोर हातातच होता. श्वास पोटापर्यंत आला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा खाली काहीतरी बोटभर उतरलं. बोटभरच. पण त्यांना रडू आलं, आणि ते दुखण्यामुळे नव्हतं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. भीती वाटली की स्नायू आवळतात. आवळून राहिले की दुखतात. दुखलं की माणूस घाबरतो, आता काय होणार म्हणून, आणि पुन्हा आवळतो. भांडण कुणी सुरू केलं ते आता विचारू नका, त्या म्हणाल्या, दोघं एकाच घरात राहतात. एकाला शांत केलं की दुसऱ्याचा आवाज खाली येतो.

घरी सराव सुरू झाला. मऊ गादी घातलेलं स्टूल, समोर बायको वर्तमानपत्र घेऊन. ती छोट्या जाहिराती वाचायची, काका पोटात श्वास घेत पडदा उतरवायचे. पहिल्या दिवशी एक जाहिरात झाली. महिन्यानं अर्धं पान. दोन वर्षांनी काका अख्खं वर्तमानपत्रभर बसू शकत होते, चांगल्या दिवशी. वाईट दिवस यायचेच, एखादी काळजी लागली की लिंबू हजर. पण आता त्याची ओळख झाली होती, आणि ओळखीच्या माणसाला माणूस तितकं घाबरत नाही. विंगेत मात्र ते उभेच राहिले. इतक्या लोकांचे नमस्कार घेतल्यावर बसायचं कोणत्या तोंडानं?

आणि मग थिएटरात बटणावर चालणारा पडदा आला. काकांना निरोप द्यायचं ठरलं, भर सभेत, रंगमंचावर. आठवडाभर आधी त्यांनी बघितलं, की कंपनीचा सुतार त्यांच्याकडे निरखून बघतोय, जसा शिंपी बघतो. मग कुणीतरी न राहवून सांगून टाकलं: जुन्या रंगमंचाच्या फळ्या जपून ठेवल्या होत्या, त्यांची खुर्ची केली आहे. ताठ पाठीची, मागे पितळी पट्टी, पट्टीवर उभेकाका. ज्यांनी आयुष्यभर रंगभूमीला मान दिला, त्यांना त्या दिवशी रंगभूमीनं बसवायचं. भाषणं धरून दीड तास.

ऐकताक्षणी काकांचा निखारा पुन्हा पेटला. दोन वर्षांची कमाई दोन दिवसांत धुऊन गेली. स्टुलावर एक जाहिरातही होईना. बसलो तर चेहरा सांगेल, आणि नाही बसलो तर तोंडानं सांगावं लागेल. ज्यांनी देव केलं, ते हसतील. काका बायकोला म्हणाले, ताप आला म्हणून कळवू.

ती कपडे घडी करत होती. म्हणाली, "ताप उतरतो हो. खुर्ची घरात येणार ती कायमची. तिच्यावर रोज फडकं मारताना काय सांगणार आहात तिला?"

काकांनी बाईंना फोन केला. बसायचा सराव आता पुरे, उठायचा करा, असं त्या म्हणाल्या. हवं तेव्हा उठता येतं, हे एकदा अंगाला पटलं की ते इतकं धरून राहत नाही. मग काका दोन दिवस घरभर नुसते उठत राहिले. बसायचे, आणि दुखायच्या आत उठायचे. बायको म्हणाली, घरात पाहुणे आल्यासारखं वाटतंय.

रविवारची सकाळ. थिएटर भरलेलं. काका आयुष्यात पहिल्यांदा पडद्याच्या पुढच्या उजेडात आले आणि त्या खुर्चीवर बसले. लाकूड फार सुरेख होतं, आणि दगडासारखं कडक. पहिलं भाषण गेलं. दुसऱ्यात लिंबू आलं. काका उतरवत राहिले, वीत वीत. मग ताई उठली आणि तिनं तीच गोष्ट सांगितली, बावीस वर्षांची, डोळ्यांत पाणी आणून. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ती म्हणाली, काका, दोन शब्द.

काका उठले. उठल्यावर जो आराम मिळाला, त्या आरामातच त्यांनी ठरवून टाकलं.

"मी उभा राहायचो ते भक्तीनं नाही," ते म्हणाले. "बसलं की दुखायचं. पोटाच्या खाली, अवघड जागी. माझ्या हातून एकदा पडदा आधी पडला, त्या भीतीनं मी जे आवळलं ते आवळूनच राहिलो. मला सांगायची लाज वाटली. तुम्ही विचारलं नाहीत, उलट मान दिलात. त्या मानावर मी बावीस वर्षं उभा राहू शकलो, नाहीतर पळून गेलो असतो. घरी एक बाई माझ्याबरोबर उभी राहून जेवली. एका डॉक्टरांनी खरं सांगितलं. एका मुलीनं मला माझंच काम पुन्हा शिकवलं. ऋण फार आहेत."

शांतता झाली. मालकांच्या त्या शांततेइतकी लांब. अशा शांततेतच काकांचा श्वास आजवर अडकत आला होता. या वेळी तो आत गेला आणि सावकाश खाली उतरला. काका वाट बघत राहिले.

तिसऱ्या रांगेतून सुतार उठला. "मग चार दिवस आधी सांगायचंत की काका. गादी ठोकून दिली असती."

थिएटर हसलं. काकांवर नव्हे, काकांसकट हसलं, आणि काकांची बायको सर्वांत मोठ्यानं. (पुढच्या महिनाभरात कंपनीतल्या तिघांनी आणि बाहेरच्या एका वकिलानं बाईंचा पत्ता काकांना कोपऱ्यात गाठून विचारला.) ताईनं डोळे पुसले, आपल्या अंगावरची जाड शाल काढली, तिची चौपदरी घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. काका मागे वळले. टाळ्या चालूच होत्या. उभं राहायला कुणाची हरकत नव्हती, बसायला कुणाची सक्ती नव्हती. ते सावकाश, हाताखाली हात दिल्यासारखे, खुर्चीत उतरले. लिंबू होतं. पण लिंबाएवढंच होतं. समोर सगळी माणसं दिसत होती, विंगेतून कधी न दिसलेली.

बटणाशी प्रकाशवाला बोट ठेवून तयार होता. ताईनं वाकून हळूच विचारलं, काका, पडदा टाकू या का?

"थांब गं जरा," काका म्हणाले. "आत्ताच कुठे बसलोय."