गाझियाबादेतला बंब

गाझियाबादच्या नव्या कॉलनीत आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा गल्लीत घरोघरी गीझर आले होते आणि आमच्याकडे बंब होता. तांब्याचा, माझ्या माहेरचा, कराडहून गोणपाटात बांधून आणलेला. मिस्टर फौजेत, वर्षातले बरेच महिने सरहद्दीवर. घरात मी आणि दोन मुली, थोरली तेरा वर्षांची, धाकटी नऊची. बंब तापवायचं काम मी त्यांच्याकडे दिलं होतं आणि त्यावरून शेजारीण मला रोज ऐकवायची, "लड़कियों से लकड़ी चिरवाती हो, बहनजी?" मी म्हणायचे, "हाथ तो सबके दो ही होते हैं." याचा अर्थ तिला कळायचा नाही, मलाही नीटसा कळायचा नाही, पण तिचं तोंड बंद व्हायचं.

लाकडाला तोटा नव्हता. दर दुसऱ्या प्लॉटवर बांधकाम चाललेलं. स्लॅबखालच्या मोडक्या फळ्या ठेकेदार आनंदाने देऊन टाकायचा आणि मुली त्या ओढत घरी आणायच्या. धाकटी खिळे उपटायची, थोरली कोयत्याने ढलप्या काढायची. जिन्याखाली दोघींचे दोन वेगळे ढीग. जिचा ढीग संपला तिने गार पाण्याने आंघोळ करायची, असा माझा कायदा होता. इकडच्या जानेवारीत ही शिक्षा काय असते ते धाकटीने एकदाच अनुभवलं. आई दुष्ट आहे यावर दोघींचं एकमत होतं. असू दे. गरम पाणी आपोआप येतं असं समजून माझ्या मुली मोठ्या व्हाव्यात, हे मला मुळीच मंजूर नव्हतं.

थोरलीला बंबाची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या केसांना धुराचा वास येतो. "आई, प्लीज, गीझर घेऊ या ना यार. हा बंब कबाडीवाल्याला देऊन टाक," हे तिचं पालुपद. मी ऐकल्यासारखं करून सोडून द्यायचे.

त्या जानेवारीत मिस्टरांचं पत्र आलं. आठ महिने बर्फात काढून ते रविवारी सुट्टीवर येणार होते. मागणी एकच, बंबाचं कडकडीत पाणी. मी हरखून बुधवारी संध्याकाळी बंब रिकामा केला आणि चिंच लावून लखलखीत घासला.

गुरुवारी सकाळी थोरलीने तो नेहमीसारखा पेटवला. थोड्या वेळाने मागच्या अंगणातून करपल्यासारखा वास आला, म्हणून धावत गेले. बंबात पाण्याचा थेंब नव्हता. तोटी जोडणारा कथलाचा डाग वितळून तोटी खाली पडली होती आणि थोरली तिच्याकडे बघत उभी होती.

"पेटवायच्या आधी तोटी सोडून पाणी बघायचं, हे किती वेळा सांगितलंय तुला?" मग माझी जीभ सुटली. "मुद्दाम केलंस तू. गीझर पाहिजे ना तुला!" तिचा चेहरा एवढासा झाला, पण ती रडली नाही. "तू मोडलास, आता तूच नीट करून आण. रविवारच्या आत," असं म्हणून मी तरातरा आत गेले.

शाळेतून आल्यावर दोघी बहिणी बंब मध्ये धरून सायकलरिक्षाने जुन्या बाजारात गेल्या. त्या गेल्यावर मी मोरीत भांडी घासायला बसले, तर कट्ट्यावर चिंचेची वाटी तशीच पडलेली. बंब रिकामा मी केला होता आणि पुन्हा भरायचा विसरलेही मीच. मला माझीच शरम वाटली.

दिवे लागायच्या सुमाराला दोघी परत आल्या. तोटी जागेवर बसली होती, भोवती डागाची पांढरी कड दिसत होती. थोरली दप्तर उघडून अभ्यासाला बसली. चूक कबूल करायची मला सवय नाही. मी स्वयंपाकघरात पोळ्या करू लागले, तेव्हा धाकटीने हळू आवाजात सगळं सांगितलं.

भांड्यांना डाग देणाऱ्या कारागिराने बंब कधी पाहिलाच नव्हता. "चाय का समावार है क्या?" म्हणाला. थोरलीने कोळसा उचलून त्याच्या फरशीवर बंबाच्या आतलं चित्र काढून दाखवलं. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. तो म्हणाला, इतका खटाटोप कशाला, तांबं चांगलं आहे, मला दे आणि बदल्यात पाणी तापवायचा बिजलीचा रॉड आणि मोठी बादली घेऊन जा. म्हणजे तिची सुटका तिच्यासमोर चालून आली होती. घरी येऊन 'दुरुस्त होत नाही' एवढंच म्हणायचं होतं, मी विश्वास ठेवला असता.

"मग ताई काय म्हणाली?"

"म्हणाली, नहीं भैया, संडे को पापा इसी से नहाएँगे. आप टाँका लगाओ, मैं पानी भरके देखूँगी."

आणि खरोखरच तिने हातपंपावरून पाणी आणून बंब भरला. तोटीपाशी ठिबकलं, तेव्हा पुन्हा डाग द्यायला लावला आणि पुन्हा भरून पाहिला.

"आई, मी ताईला म्हटलं, बंब तर आईनेच रिकामा केला होता. तर ती म्हणाली, तोटी बघायचं काम माझं होतं."

तव्यावरची पोळी करपली.

रविवारी सकाळी हे आले. थोरलीने तोटी सोडली, तळहातावर पाणी घेतलं, तोटी बंद केली आणि मगच काडी ओढली. हे बंबाशेजारी उकिडवे बसून शेकत होते. त्यांना ती पांढरी कड दिसली.

"हे काय झालं?"

"मी रिकामा पेटवला, पप्पा," थोरली म्हणाली आणि आणखी एक ढलपी आत टाकली.

मला राहवलं नाही. "रिकामा मी केला होता. आणि वर तिलाच नाही नाही ते बोलले. चुकलं माझं."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, माझ्या तोंडून हे ते पहिल्यांदा ऐकत होते. "तब्येत बरी आहे ना तुझी?" त्यांनी विचारलं. तीन दिवसांत पहिल्यांदा थोरली हसली, खळखळून.

जरा वेळाने न्हाणीघरातून ओरडा आला, "अगं, भाजतंय! विसण आणा!" थोरली गार पाण्याची बादली घेऊन धावली. कोयत्याने हाताला घट्टे पडलेली, केसांना धुराचा वास येणारी माझी पोर. अभिमानाने मला भरून आलं.

शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने काही विचारलं नव्हतं, तरी मी मान वर करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बहनजी, पानी मेरी बेटी ने गरम किया है!"