कलेजीच्या नळ्या

मी शिकलेली बाई नाही, तवा मधात मधात टोकू नका. गोपिकाबाई उमाठेची गोष्ट लोक उलटीपालटी सांगत फिरतात. काही तं म्हणतात, त्याईच्या लॅबमध्ये करणी झाली होती. करणी कसली डोंबलाची! जे केलं ते मी केलं, या दोन हातांनं. म्हणून मीच सांगते.

बाई सावनेरकडच्या. बाप रुपराव कापूस पिकवे, पोरगी मात्र नागपुरात येऊन प्रोटीनच्या मागं लागली. अडुसष्ट साली मी कॉलेजच्या लॅबमध्ये भांडे घासाले लागली, तवा त्या तिशीच्या असतील. सकाळी कामठीच्या खाटकाकडून बकऱ्याची कलेजी थर्मासात बर्फ घालून बसनं येये. बाई ती वाटत, गाळत, अन् त्या पाण्यात एन्झाईम हुडकत. मी एकदा विचारलंच, हे एन्झाईम काय बला आहे? तं त्याईनं हातातलं काम सोडून मले समजावलं. आंगातल्या प्रोटीनले फॉस्फेट नावाचं एक बारीक बटन लागलेलं राहते, म्हणे. ते लावलं की प्रोटीन एक काम करते, काढलं की दुसरं. लावणारे एन्झाईम वेगळे, काढणारे वेगळे. बाईले काढणारं पाहिजे होतं. दुधाच्या प्रोटीनले असे बटन भरपूर. म्हणून त्या त्याच्यात कलेजीचं पाणी टाकत, अन् मंग एक औषध. बटन निघून फॉस्फेट मोकळं झालं असलं, तं त्या औषधानं काचेची नळी निळी होये. नुसत्या दुधाच्या नळीत कलेजी नाही, तं निळंबी नाही.

बाईच्या कलेजीच्या नळ्या अशा निळ्या होत की पाहणाऱ्याले कौतुक वाटे. इतकं जोरदार एन्झाईम कोणालेच भेटलं नव्हतं, म्हणे. अकरा वर्षं त्याच्यातच गेले. लग्न राहिलं, घरचे बोलून बोलून थकले. एकोणऐंशी साली परदेशातल्या एका मोठ्या मासिकानं त्याईचा लेख घेतला, दोन महिन्यानं छापून येणार होता. तिकडून बोलावणंबी आलं, सहा महिने येऊन काम करा म्हणून. बाईनं सदर बाजारातून सगळ्याईले बालूशाही आणली.

एप्रिलात मी पुतणीच्या लग्नासाठी काटोलले गेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पंधरा दिवस. माझ्या जागी धोंडबा भांडे घासाले आला. मी परत आली तं लॅबमध्ये सुतक पडलेलं. नळ्या निळ्या व्हाले तयार नाहीत. बाईनं खाटीक बदलला, दूध बदललं, औषध नवं केलं. काही नाही. मी कामाले लागली, अन् चौथ्या दिवशी नळ्या पुन्हा निळ्या. बाकीचे खूश झाले. उन्हानं बिघडलं असेल काहीतरी, म्हणे. बाई काही खूश झाल्या नाहीत. वही घेऊन बसल्या, अन् भेटेल त्याले एकच विचारत, त्या पंधरा दिवसांत इथं काय बदललं?

बदललं होतं ते एकच, मी.

आता ऐका. आमचं घर महानुभाव पंथाचं, मासाचं भांडं आमच्यात चालत नाही. पण मी विधवा, पदरात माझी पोरगी तारा, कामाले नाही कसं म्हणू? बाईनं शिकवलं होतं तसं सगळ्या नळ्या अ‍ॅसिडात बुडवून धुये, त्यात हयगय नाही. पण अ‍ॅसिडनं मास जाते, मनातला विटाळ कुठं जाते? म्हणून कलेजीच्या नळ्या मी नंतर घरून आणलेल्या चुलीच्या राखेनं आतून घासे, अन् मंग पाण्यानं धुये. दुधाच्या नळ्याईले राख नाही, दूध तं पवित्रच. दोन्ही नळ्याईचे स्टँडबी मी कधी एकमेकात मिसळू देल्ले नाही. कोणी सांगितलं नव्हतं, मीच आपल्या मनानं.

दोन दिवस मी गप्प राहिली. खोटं कायले बोलू, भेव वाटे. सांगितलं अन् नोकरी गेली, तं ताराचं शिक्षण गेलं. अन् बाईचं तं सारंच गेलं. तिसऱ्या दिवशी बाईचं सुकलेलं तोंड पाहवलं नाही. गेली अन् सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. तेच मले जास्त लागलं. म्हणाल्या, "राख घेऊन या." धुतलेल्या नळीत त्याईनं चिमूटभर राख घेतली, अ‍ॅसिडात विरघळवली. कलेजी नाही, दूध नाही, नुसतं ते औषध टाकलं. नळी निळीशार झाली. राखेतबी फॉस्फेट असते, बाप्पा! धुतल्यावरबी कलेजीच्या नळ्याईत चिकटून राहिलेली राखच अकरा वर्षं निळी दिसत होती. अन् मंग, खरं सांगते, त्याईनं मले विचारलं, ही गोवरीची राख की लाकडाची? दोन्ही आणाले लावल्या, दोन्ही तपासल्या, कोणती जास्त निळी ते लिहून ठेवलं. मले वाटलं, बाईले वेड लागलं. डोळ्यातून आसू वाहून राहिले, अन् हात चालूनच राहिले.

लॅबच्या मोठ्या साहेबाले कळलं. ते म्हणाले, लेख येऊ द्या, तिकडच्या लोकाईले काय माहीत तुमच्या चुलीची राख? अन् हिचं काम मात्र उद्यापासून बंद करा. मी दाराशीच उभी होती.

बाई म्हणाल्या, "अकरा वर्षं मी कलेजीले विचारलं, दुधाले विचारलं. याईले एकदाबी विचारलं नाही, भांडे कसे घासता म्हणून. चूक माझी आहे. कोणाले जाचं असलं तं मी जाईन."

लेख मागं घ्याचं पत्र त्याईनं त्याच दिवशी पोस्टात टाकलं. परदेशाचं बोलावणं आपोआप बारगळलं. आठ वर्षांनं त्याईले एक लहानसं एन्झाईम सापडलं, खरंखुरं. पण ते नंतर. मी सांगून राहिली तो दिवस पुढच्याच आठवड्यातला.

सगळ्या नळ्या नव्या, सगळ्या एकाच तऱ्हेनं धुतलेल्या. मी धूत होती तवा बाई वही घेऊन बाजूले स्टुलावर बसून होत्या. दूध टाकलं, कलेजीचं पाणी टाकलं, औषध टाकलं. रंग मोजाच्या मशीनचा काटा हालला नाही, पण त्या दिवशी बाईचा मशीनवर भरवसा नव्हता. त्याईनं नळी खिडकीच्या उजेडात धरली. कितीतरी वेळ पाहत होत्या. मंग ती माझ्याकडे केली.

"प्रयागबाई, तुमची नजर चांगली आहे. थोडं निळं दिसते का वं?"

मले हाव म्हणाचं होतं. देवाशप्पथ, जीव तुटून राहिला होता माझा. अकरा वर्षं या बाईनं कोणता सण पाहिला नाही, अन् एका शब्दानं तिचं तोंड हासरं झालं असतं. पण नळीत काहीच नव्हतं.

"नाही दिसत, बाई," मी म्हटलं.

बाईनं वहीत शून्य लिहिलं. त्याच्या बाजूले पाहणारी म्हणून माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मंग हात पुढं केला.

"पुढची द्या," म्हणाल्या.